पावसाळ्यानंतर मागच्या चाकात हँडब्रेकचा आवाज: केबल आवळू की ड्रम उघडू?

चिपळूणचा_पाऊस

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, ७८,००० किमी झालेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, हाताने ओढायचा साधा हँडब्रेक. गाडी उघड्यावर उभी असते आणि जून ते सप्टेंबर पूर्ण पावसात असते.

आवाज एक नाही, तीन आहेत.

१) रात्रभर हँडब्रेक लावून उभी केली की सकाळी निघताना मागून ‘टक्क’ असा मोठा आवाज येतो आणि गाडी सुटल्यासारखी पुढे जाते. नंतर दिवसभर हा आवाज नाही.

२) १५ ते ३० च्या वेगात डाव्या मागच्या चाकातून ‘खर्र... खर्र...’. चाकाच्या फेऱ्यांबरोबर कमीजास्त होतो. पायाने ब्रेक दाबला की बंद. हँडब्रेक एकच टिक (लिव्हरचा एक दात) ओढला तर वाढतो.

३) रिव्हर्समधून पुढे निघून पहिला ब्रेक मारला की एकदाच ‘टण्’.

जुलैत हँडब्रेक ११ टिकवर गेला होता. गॅरेजमध्ये आत लिव्हरखालचा नट आवळून ६ वर आणून दिला, चाकं उघडली नाहीत. खरखर त्यानंतर चालू झाली, आणि हँडब्रेक आता परत ९ वर आला आहे. १०-१२ किमी चालवून थांबलं की डावं चाक हाताला स्पष्ट गरम लागतं, उजवं कोमट.

अजून थोडी केबल आवळायची, केबल बदलायची की लायनर? हत्यारं आहेत: जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), पान्यांचा सेट, व्हर्नियर. ड्रम याआधी उघडलेला नाही.

---

पाना_नंबर_तेरा

आधी एक गोष्ट करा: तो नट आता आवळू नका. तुम्ही लिहिलेल्या क्रमातच निम्मं उत्तर आहे.

ड्रममध्ये दोन शू असतात, म्हणजे ड्रमला आतून घासणारा लायनर चिकटवलेले दोन बाकदार पत्रे. मागच्या शूवर एक लोखंडी हात असतो, हँडब्रेकची केबल त्याच्या खालच्या टोकाला अडकते. केबल सैल असताना हा हात शूच्या पत्र्यावरच्या आपल्या खुंटीला टेकून बसला पाहिजे. तो टेकलेला असेल तरच दोन शूंच्या मधली पट्टी, म्हणजे ॲडजस्टर, लायनर झिजेल तसा एकेक दात पुढे सरकतो. वरून केबल आवळली की हात खुंटीवरून उचलला जातो आणि पट्टीवर कायमचा ताण राहतो. मग ॲडजस्टर दात घेत नाही. लायनर झिजत राहतो, फट वाढत राहते, हँडब्रेक पुन्हा वर येतो आणि पुन्हा कोणीतरी नट आवळतं. तुमचा ११, ६, ९ असा प्रवास झाला तो यामुळेच. ११ टिक हे बहुतेक वेळा केबल लांबल्याचं लक्षण नसतं, शू आणि ड्रममधली फट वाढल्याचं असतं.

आता तीन आवाज वेगवेगळे घेऊ.

सकाळची ‘टक्क’. ड्रम बिडाचा असतो, ओला झाला की एका रात्रीत त्यावर गंजाचा पापुद्रा येतो. लायनर त्याच्यावर दाबून ठेवलेला असेल तर दोन्ही चिकटतात. गाडी निघताना ते तुटतं तो आवाज. कोकणात पावसाळ्यात हे चांगल्या ब्रेकमध्येही होतं, त्यामुळे एकट्या या आवाजाची काळजी नको. पण रोज जोरात होत असेल तर एखाद दिवशी लायनर शूवरून सुटून येऊ शकतो. लायनर गोंदाने चिकटवलेले असतात आणि गंज त्या गोंदाखाली शिरतो. ड्रम उघडल्यावर लायनरच्या कडेला पत्र्यापासून उचललेली रेघ दिसते का ते नीट बघा.

फेऱ्यांबरोबरची खरखर. पायाने दाबल्यावर बंद होते आणि हँडब्रेकने वाढते, हा चांगला पुरावा आहे. शू अर्धवट टेकलेला आहे, म्हणजे हँडब्रेक पूर्ण सुटत नाही. फेऱ्यांबरोबर कमीजास्त होतं याचा अर्थ ड्रम किंचित अंडाकृती झालाय किंवा त्यावर गरम होऊन कडक झालेले डाग आहेत. चाकाचं बेअरिंग गेलं असतं तर घूं-घूं असा सलग आवाज आला असता, वेगाबरोबर चढला असता आणि ब्रेकने काही फरक पडला नसता.

‘टण्’. शू मागच्या पत्र्यावर, म्हणजे बॅक प्लेटवर, छोट्या उंचवट्यांवरून सरकतात. बहुतेक गाड्यांत प्रत्येक शूला तीन. दिशा बदलली की शूचा जोर एका टोकावरून दुसऱ्यावर जातो. उंचवटे कोरडे असतील किंवा त्यांत खाच पडली असेल तर शू अडकतो आणि मग एकदम सुटतो. शूला धरून ठेवणाऱ्या पिनेची स्प्रिंग मेली असेल तरी हेच.

उघडण्याआधी अर्ध्या तासाची तपासणी:

सपाट जागा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. गाडी पहिल्या गिअरमध्ये. तुमची पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे मागची चाकं मोकळी फिरतील. मागचा भाग उचलून घोड्यांवर ठेवा, नुसत्या जॅकवर हात आत घालू नका. हँडब्रेक पूर्ण खाली. दोन्ही चाकं हाताने फिरवा आणि फरक लक्षात ठेवा. मग लिव्हरजवळचा नट पूर्ण सैल करून पुन्हा फिरवा. डावं चाक आता मोकळं झालं तर नट जास्त आवळलेला होता. तरीही जड असेल तर डाव्या बाजूची केबल आपल्या नळीतच अडकते आहे, किंवा आतला हात गंजून जाम आहे. लिव्हरखाली जिथून एका सळईच्या दोन केबल होतात, तिथली आडवी पट्टी बघा. हँडब्रेक ओढल्यावर ती तिरकी होत असेल तर एक बाजू अडलेली आहे.

डाव्या केबलची बाहेरची नळी मागच्या आडव्या बीमला जिथे क्लिपने धरलेली आहे तिथे आणि जिथे ती सर्वांत खाली लोंबते तिथे बोटाने चाचपा. नळी फाटून आत पाणी जाण्याच्या ठरलेल्या जागा त्याच.

---

लेथवाला

पानाभाऊंनी बरोबर सांगितलं. ड्रमबद्दल माझ्याकडून.

ड्रम काढताना अडेल, कारण आतल्या कडेला न झिजलेल्या भागाची कंगणी उभी राहते आणि शू तिच्या मागे अडकतात. हातोडा मारत बसू नका, बिडाची कड उडते. आधी केबल सैल करा. तरी नाही निघाला तर बॅक प्लेटच्या मागचं रबरी बूच काढून भोकातून स्क्रूड्रायव्हरने ॲडजस्टर मागे घ्या. जपानी पद्धतीच्या बऱ्याच ड्रमना समोरासमोर दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यात ८ मिमीचे दोन बोल्ट (१.२५ पिच) आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम स्वतःच बाहेर येतो. एकच बोल्ट आवळत गेलात तर ड्रम तिरका होऊन जास्त अडेल.

तुमच्या ड्रममध्येच बेअरिंग बसवलेलं असेल तर मधली टोपी काढून आतला मोठा नट सोडावा लागतो. या नटाची कड ठोकून खाचेत बसवलेली असते. तो नट नवीनच घ्यायचा, आणि टॉर्क त्या गाडीच्या मॅन्युअलमधला. अंदाजाने नाही.

ड्रमवर ‘मॅक्स’ लिहून आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो. छोट्या गाड्यांत सर्रास १८० चा ड्रम १८२ पर्यंत आणि २०० चा २०२ पर्यंत चालतो, पण तुमच्या ड्रमवरचा आकडा अंतिम. व्हर्नियरने आतला व्यास चार ठिकाणी मोजा, प्रत्येक वेळी ४५ अंश फिरवून. कंगणीवर नको, घासणाऱ्या पट्ट्यावर. चार मापांत ०.१ मिमीहून जास्त फरक असेल तर ड्रम अंडाकृती आहे आणि नवीन लायनर घालूनही खरखर जाणार नाही.

निळसर किंवा काळे चकचकीत ठिपके असतील तर सांगा. त्या जागी बीड कडक झालेलं असतं. लेथवर साध्या टूलने टर्निंग (आतून कातणं) केलं तर टूल त्यांच्यावरून उडी मारतं, उंचवटा तसाच राहतो आणि महिन्याभरात आवाज परत.

आणि धूळ फुंकू नका. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही, जुने लायनर कशाचे आहेत ते नुसतं बघून कळत नाही. साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसून घ्या, नाहीतर ब्रेक क्लीनरचा फवारा मारून खाली पसरट भांड्यात गोळा करा.

---

चिपळूणचा_पाऊस

दोघांचे आभार. दोन्ही बाजू उघडल्या. मोजमापं अशी:

नट पूर्ण सैल केल्यावर उजवं चाक मोकळं, डावं तरी जड. ड्रम काढल्यावर डाव्या शूवरचा हात खुंटीपासून साधारण ३ मिमी उचललेला. केबलचं टोक हातातून काढलं की तो खुंटीवर जाऊन बसतो. म्हणजे हात जाम नाही, केबल अडकते. बीमच्या क्लिपपाशी नळी फाटलेली, दाबल्यावर तांबडं पाणी आलं.

लायनरची जाडी (पत्रा सोडून): डावा पुढचा २.१, डावा मागचा २.६. उजवा पुढचा २.९, उजवा मागचा ३.२ मिमी. डावे दोन्ही काचेसारखे चकचकीत. कुठे उचललेले नाहीत.

ड्रम: डावा २००.७ ते २००.९, उजवा २००.४ सगळीकडे. वर २०२ लिहिलंय. डाव्यात निळसर ठिपके पाच-सहा.

डाव्या बॅक प्लेटच्या उंचवट्यांवर खाचा, नखाला लागतात, साधारण अर्धा मिमी. डावा ॲडजस्टर गंजून घट्ट. डाव्या व्हील सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर शू ढकलणाऱ्या भागाचं) रबर उचललं तर आत ओलसर, उजव्याचं कोरडं.

प्रश्न: लायनर १ मिमीच्या वर आहेत, मग पॉलिश पेपर मारून चालवू का? आणि केबलमध्ये ऑइल सोडून काम होईल का?

---

पाना_नंबर_तेरा

केबलचं आधी. नाही. नळीच्या आत नायलॉनचं अस्तर असतं, तारेला गंज फुगला की तो या अस्तराला चावतो. ऑइलने दोन आठवडे बरं वाटेल, नंतर त्याच ऑइलमध्ये चिखल बसेल. नळी फाटलेली आहे तर ती केबल बदला. उजवी मोकळी असेल तर ठेवायला हरकत नाही, पण दोन्ही एकाच वयाच्या आहेत. आता सगळं उघडलेलंच आहे, तर जोडी बदलणं शहाणपणाचं. नवी केबल बसवताना जुनी जशी जात होती तशीच न्या, सगळ्या क्लिपा लावा. एक क्लिप चुकली की केबल बीमवर घासते आणि नवाच आवाज सुरू होतो.

लायनरचं. जाडीवर ते पास आहेत, प्रकृतीवर नाहीत. उष्णतेने वरचा थर भाजला की तो चकचकीत आणि कडक होतो, पकड जाते आणि कुंईं असा बारीक आवाज येतो. हलकी चमक असेल तर ८० नंबरच्या पेपरने घासून जाते. तुमचे महिनोन्‌महिने घासत, तापत राहिलेले आहेत. त्यात सिलिंडर ओलसर. लायनरला ब्रेक फ्लुइड लागलं असेल तर ते धुऊन निघत नाही, आत मुरतं. चारही शू नवीन घ्या. मागच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, एका बाजूचे कधीच नाही, नाहीतर ओल्या रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढेल.

पुढचा शू मागच्यापेक्षा जास्त झिजलेला आहे, ते बरोबरच आहे. पुढे जाताना ड्रम त्या शूला स्वतःकडे ओढून घेतो.

सिलिंडर: रबराखाली नुसती ओल, थेंब नाही, असं असेल तर काही जण सोडून देतात. या वयाच्या गाडीत आणि सगळं उघडलेलं असताना मी तरी सोडणार नाही. दोन्ही सिलिंडर बदला, नंतर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा. ब्रेक फ्लुइडच्या टाकीच्या टोपीवर जे लिहिलंय तेच फ्लुइड घाला, डॉट ३ किंवा डॉट ४, ताज्या सीलबंद बाटलीतलं.

ड्रम उघडा असताना कोणी ब्रेक पेडल दाबणार नाही याची व्यवस्था करा. पिस्टन बाहेर उडतात.

---

लेथवाला

डावा ड्रम: फरक ०.२ मिमी आणि वर निळे ठिपके. हा टर्निंगला देऊ नका, बदला. व्यासाला जागा आहे हे खरं, २०१.४ ला साफ होईलही, पण ठिपके कार्बाइडच्या टुलालाही दाद देत नाहीत. ग्राइंडिंगची सोय असलेला लेथ जवळपास असेल तर विचार करा. आणि तिथे गेलात तर सांगा की ड्रम बेअरिंगच्या भोकावर सेंटर करायचा आहे, बाहेरच्या कडेवर नाही. बाहेरची कड ओतकामाची असते, तिचा गोलपणा कोणी तपासलेला नसतो.

उजवा २००.४, एकसारखा, ठिपके नाहीत. त्याची कंगणी तेवढी घासून टाका आणि आतून ८० नंबरचा पेपर फुलीच्या रेषा येतील असा तिरका मारा. डावा नवीन २०० आणि उजवा २००.४ चालतं.

नवीन शू ड्रमला कसे टेकतात ते बघायची जुनी युक्ती: लायनरवर खडूच्या आडव्या रेघा मारा, शू हातात धरून ड्रमच्या आतून घासा. खडू मधल्या भागात पुसला गेला तर ठीक, चालून चालून टेकण बाहेरपर्यंत पसरतं. फक्त दोन्ही टोकांना पुसला गेला आणि मध्ये राहिला तर तो शू त्या ड्रमला मोठ्या गोलाईचा आहे. तो ओरडणार आणि चाक अचानक धरणार. दुकानात परत द्या.

---

पाना_नंबर_तेरा

जोडणीचा क्रम लिहितो. आवाज जातो की राहतो ते इथेच ठरतं.

एका वेळी एकच बाजू उघडी ठेवा, दुसरी नमुना म्हणून समोर असू द्या. फोटो काढलेत तरी. वरची आणि खालची स्प्रिंग दिसायला सारख्या, पण ताण वेगळा. स्प्रिंगचा आकडा (हूक) पत्र्याच्या कुठल्या बाजूने भोकात जातो त्यालाही अर्थ आहे: उलटा बसला की स्प्रिंग ड्रमला घासते आणि बारीक ‘शिर्र’ वाजते.

डाव्या बॅक प्लेटच्या खाचा: अर्धा मिमी म्हणजे कानशीने कडा मोडून सपाट करण्यासारख्या आहेत. एक मिमीच्या पुढे गेल्या की वेल्डिंगने भरून घासावं लागतं. नुसतं ग्रीस भरून खाच झाकली तर ‘टण्’ दोन महिन्यांत परत. सपाट केल्यावर सहाही उंचवट्यांवर ब्रेकचं उच्च तापमानाचं ग्रीस, डाळीच्या दाण्याएवढं, बोटाने पसरवलेलं. तेवढंच हँडब्रेकच्या हाताच्या खिळीवर आणि ॲडजस्टरच्या आट्यांवर. बेअरिंगचं ग्रीस वापरू नका, ते वितळून लायनरवर येतं. गंज सोडवायचे स्प्रे ड्रमच्या आत आणूच नका. व्हील सिलिंडरच्या रबराला खनिज तेलाचं काहीही लागू देऊ नका, रबर फुगतं.

ॲडजस्टर डावा आणि उजवा वेगळा असतो. आट्याच्या प्रकारात एकाला उलटे आटे, दात असलेल्या पट्टीच्या प्रकारात बाक उलटा. अदलाबदल झाली तर दर ब्रेकला शू जवळ यायच्या ऐवजी लांब जातात आणि पेडल खोल जातं. तुमचा डावा गंजलेला आहे, मोकळा करून दात तपासा. दाताची टोकं गोल झाली असतील तर नवीन. शू धरणाऱ्या पिना आणि स्प्रिंगांचा सेटही घ्या, स्वस्त असतो आणि उष्णतेने ताण गेलेली स्प्रिंग डोळ्यांना ओळखू येत नाही. पिन बसवताना मागून बोटाने धरायची, पुढून वाटी दाबून ९० अंश फिरवायची.

नवीन लायनरच्या पुढच्या-मागच्या कडा सरळ कापलेल्या असतील तर कानशीने ४५ अंशात ३-४ मिमी मोडा. तीक्ष्ण कड ड्रमवर खरवडते आणि किंचाळते. लायनर हाताळताना हात कोरडे.

आता मुख्य भाग. केबल अजून सैलच. ड्रमचा आतला व्यास मोजा आणि शूंचा बाहेरचा व्यास त्यापेक्षा अर्धा मिमी कमी येईल इतका ॲडजस्टर उघडा. ड्रम घाला. तो हलक्या हाताने जायला पाहिजे. दोन्ही ड्रम बसले की सिलिंडर बदललेत म्हणून आधी हवा काढून घ्या. मग गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन, इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल २०-३० वेळा पूर्ण दाबून सोडा. शू मध्यावर येतात, ॲडजस्टर आपले शेवटचे दात घेतो. काही गाड्यांत ॲडजस्टर पायाच्या ब्रेकने नाही तर हँडब्रेकच्या हालचालीने चालतो. तिथे हँडब्रेकही तेवढ्याच वेळा ओढून सोडायचा. तुमची कुठली हे माहीत नसेल तर दोन्ही करा, नुकसान नाही.

बॅक प्लेटच्या मागच्या भोकातून टॉर्च मारून शक्य असेल तर हात खुंटीवर टेकलाय याची खात्री करा. त्यानंतरच केबलचा नट. हँडब्रेक ५ ते ८ टिकमध्ये पूर्ण बसला पाहिजे, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असतो. मी तीन कसोट्या लावतो. पूर्ण खाली: दोन्ही चाकं मोकळी. एका टिकवर: दिवा लागलेला, चाकं अजून मोकळी. तिसऱ्या-चौथ्यावर: दोन्ही सारखी जड. एक बाजू आधी जड झाली तर नटाला हात लावू नका, त्या बाजूचा ड्रम परत उघडा.

नवीन शू घालूनही नट फार आवळावा लागला तर थांबा. शूची फट नीट लागलेली नाही.

---

घाटातला_धूर

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्या गाडीला मागे डिस्क आहे आणि हँडब्रेक डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रममध्ये. खडखड येते, आणि चढावर गाडी धरत नाही. वरचं सगळं मला लागू होतं का?

---

पाना_नंबर_तेरा

निम्मं. तुमचे शू चालत्या गाडीत कधीच वापरले जात नाहीत, म्हणून ते झिजण्याऐवजी गंजतात आणि चमक धरतात. स्वयंचलित ॲडजस्टरही बहुधा नसतो, हाताने करावं लागतं. डिस्कच्या तोंडावर एक भोक असतं, ते फिरवून आतल्या दातेरी चाकासमोर आणायचं. केबल सैल. स्क्रूड्रायव्हरने दातेरी चाक फिरवून डिस्क जाम होईपर्यंत शू उघडा, मग साधारण ८ दात मागे घ्या. आकडा गाडीप्रमाणे बदलतो. दोन्ही बाजूंना सारखंच. नट शेवटी, इथेही.

त्यानंतर शू बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, ५० च्या वेगात लिव्हरचं बटण दाबून धरायचं आणि हँडब्रेक हलका ओढायचा, ८-९ किलोच्या जोराने. तसाच ४०० मीटरपर्यंत जायचं आणि सोडायचा. मध्ये थंड होऊ देत दोन-तीन वेळा. बटण सोडू नका, दात अडकला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. बटणच नसलेला इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर हे करू नका. त्याला स्कॅनरवरून सर्व्हिस मोडमध्ये नेऊनच काम करायचं.

खडखडीचं कारण बहुधा शू धरणाऱ्या स्प्रिंगा गंजून तुटणं. तुटलेला तुकडा आत फिरला तर तो शू आणि ड्रमच्या मध्ये जाऊन चाक अडवू शकतो. खडखड असेल तर ॲडजस्टमेंट करत बसू नका, आधी डिस्क काढा.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर गिअरमध्ये ठेवून चाक फिरणार नाही. न्यूट्रल, आणि पुढे चांगले भक्कम ठोकळे.

तिसरा प्रकारही असतो: छोटा ड्रमच नाही, हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरवरच्या (डिस्कला पॅडने पकडणाऱ्या भागावरच्या) हाताला जाते. तिथे तो हात आपल्या खुंटीवर परत येत नाही हाच नेहमीचा दोष. या कॅलिपरचा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबून आत जात नाही, फिरवत आत घालावा लागतो. जोराने दाबला की आतली यंत्रणा मोडते.

---

चिपळूणचा_पाऊस

काम झालं. दोन्ही केबल, चारही शू, डावा ड्रम, दोन्ही सिलिंडर, डावा ॲडजस्टर, पिनांचा सेट. हँडब्रेक ६ टिकवर, नट पूर्वीपेक्षा जवळपास १० आटे सैल. खरखर आणि ‘टण्’ दोन्ही गेले. १२ किमी चालवून दोन्ही ड्रम सारखेच कोमट.

पण ब्रेक दाबल्यावर अगदी शेवटी, थांबताना, उजवीकडून बारीक ‘कुं’ येतो. आणि सकाळची ‘टक्क’ अजून आहे, फक्त कमी.

---

लेथवाला

उजवा ड्रम जुना आणि शू नवीन, त्यामुळे पहिले २००-३०० किमी तो आवाज अपेक्षित आहे. शू अजून थोड्याच जागेवर टेकतोय. मध्यम वेगातून हळूहळू थांबण्याचे ब्रेक मारत चला, करकचून नको, नवीन लायनर भाजेल. ५०० किमीनंतरही राहिला तर उजव्या लायनरच्या कडा मोडल्या होत्या का ते बघा.

---

पाना_नंबर_तेरा

५०० किमीला टिकही पुन्हा मोजा. नवीन शू बसले की एखाद-दोन वाढतात, ॲडजस्टर ते परत खेचून घेतो. नटाला हात नको.

सकाळच्या ‘टक्क’ला पार्ट नाही, सवय आहे. गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून आणल्यावर शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये चार-पाच वेळा हलका ब्रेक धरून ड्रम कोरडे करा. रात्री सपाट जागेवर उभी करत असाल तर पहिला गिअर टाका, चाकाला दगड किंवा ठोकळा लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. उतारावर मात्र हँडब्रेक लावायचाच, दगडाच्या भरवशावर नको. आठवडाभर पावसात न हलवता उभी राहिली आणि शू चिकटले, तर ॲक्सिलरेटर दाबून ओढून काढू नका. पुढे-मागे हलकं डोलवा. नाही सुटलं तर चाक काढा आणि ड्रमच्या तोंडावर, चाकाच्या बोल्टांच्या मधल्या जागेत, लाकडी ठोकळा ठेवून त्यावर हातोड्याने ठोका. कडेवर नाही.